समुद्रातून काढलेली माणसे उतरवायची कुठे?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. लिबिया, ट्युनिशिया, तुर्कस्तान येथून युरोपकडे निघालेल्या स्थलांतरितांना बुडत्या होड्यांतून वाचवणे म्हणजे माणसांची तस्करी करणाऱ्यांचा धंदा वाढवणे नव्हे काय? कोण कुठला हे ठाऊक नसलेल्या माणसाला जहाजावर घेणे सुरक्षेच्या दृष्टीने कितपत योग्य? आणि उद्या आपण व्यापारी जहाजावर ऑफिसर म्हणून असताना अशी होडी समोर आली, तर काय करायचे? समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी २६ नोव्हेंबर २००८ रोजी काय केले ते पाहिलेल्या मुंबईत आपण वाढलात, हेही आपण मुद्दाम लिहिले आहे. मी ३४ वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, त्यांपैकी शेवटची १६ कॅप्टन म्हणून. त्यामुळे उत्तरही ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, जसे दिसते तसेच देतो.

माझे मत असे, की या वादात दोन वेगळे प्रश्न एकात कालवले गेले आहेत. बुडणाऱ्याला पाण्यातून काढावे का, हा पहिला; काढलेल्या माणसाला कुठल्या देशाने उतरवून घ्यावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून झाले आहे. दुसऱ्याचे अजूनही कुठल्या करारात धडपणे लिहिलेले नाही, आणि बहुतेक भांडणे त्या न लिहिलेल्या ओळीतून उपजली आहेत.

पहिल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९१० च्या ब्रुसेल्स करारात कॅप्टनवर असे बंधन घातले गेले, की आपले जहाज, खलाशी व प्रवासी यांना गंभीर धोका होत नसेल तर समुद्रात जीव जाण्याच्या बेतात असलेल्या प्रत्येकाला, तो शत्रू असला तरी, मदत केलीच पाहिजे. टायटॅनिकच्या अपघातानंतर १९१४ मध्ये सोलास (समुद्रावरील जीवसुरक्षेचा) करार आला. आज लागू असलेला १९७४ चा, आणि त्याच्या पाचव्या प्रकरणातील ३३ वा नियम आपल्याला परीक्षेसाठी पाठ करावा लागेल. माणसे संकटात असल्याची खबर कुठूनही मिळाली, तरी मदत करू शकणाऱ्या जहाजाने पूर्ण वेगाने तिकडे गेले पाहिजे, आणि जाणे शक्य नसेल किंवा गैरवाजवी वाटत असेल, तर त्याचे कारण लॉगबुकात नोंदवले पाहिजे, असे तो नियम सांगतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचे ९८ वे कलम हेच बंधन देशांवर घालते. १९७९ च्या हॅम्बुर्ग कराराने शोध व बचावासाठी समुद्राची क्षेत्रे ठरवण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे ही जबाबदारी तटरक्षक दलाकडे असून त्यांची समन्वय केंद्रे मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) येथे आहेत. या सगळ्यात कुठेही पासपोर्ट विचारलेला नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो, कारण जमिनीवर बसून वाद घालणाऱ्यांना ‘जहाजाने त्यांना उचलले’ हे वाक्य फार सोपे वाटते. २०१४ च्या उन्हाळ्यात मी रिकामे बल्क कॅरियर (सुटा माल वाहणारे जहाज) घेऊन माल्टाच्या पूर्वेकडून पोर्ट सैदकडे चाललो होतो. रात्री अकराच्या सुमारास रोमच्या बचाव केंद्राने आम्हाला ४० मैलांवरची जागा दिली आणि तिकडे वळायला सांगितले. पहाटे रडारवर जे दिसले ते लाटेच्या ठिपक्याहून मोठे नव्हते; सर्चलाइट टाकला तेव्हा करड्या रबराची एक लांबट होडी दिसली, तिच्या फुगवलेल्या कडेवर पाय बाहेर सोडून माणसे बसलेली, आणि मध्ये इतकी दाटी की कोण उभे, कोण आडवे हे कळत नव्हते. माल नसल्यामुळे आमचे डेक पाण्यापासून तीन मजले उंच होते. वाऱ्याला आडवे होऊन जहाजाच्या आडोशात त्यांना शांत पाणी मिळवून दिले, इंजिन थांबवले, पुढून व मागून दोर टाकले. अशा वेळी सर्वांत मोठे भय पाण्याचे नसते; शिडी दिसताच सगळे एका बाजूला उठतात आणि होडी उलटते, त्याचे असते. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कर्ण्यातून इंग्रजीत आणि मोडक्या अरबीत ‘बसा, बसा’ एवढेच अर्धा तास ओरडत होता. ९४ माणसे वर घ्यायला अडीच तास लागले.

वर आल्यावर पहिल्यांदा जाणवला तो पेट्रोलचा वास. होडीच्या तळाशी सांडलेले पेट्रोल आणि खारे पाणी यांचे मिश्रण तासन्‌तास अंगाला लागून कातडी भाजते, आणि स्त्रिया व मुले सुरक्षित म्हणून मध्ये बसवलेली असतात, त्यामुळे जखमा त्यांनाच अधिक होतात. सेकंड ऑफिसरकडचे भाजल्यावरचे मलम पहिल्याच तासात संपले. आमचा कुक मालवणचा. त्याने कोणाला न विचारता मोठ्या पातेल्यात मिठाची पेज शिजवायला घेतली, कारण उपाशी पोटाला काय सोसते हे त्याला कुठल्याही पुस्तिकेपेक्षा चांगले ठाऊक होते.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ कुठे आहे ते याच जहाजावर कळले. आम्ही २१ जण होतो. लाइफबोटी, लाइफ जॅकेट, शौचालये, धान्य, सगळे त्या हिशेबाने. गोडे पाणी मुख्य इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचे पाणी आटवून तयार होते. म्हणजे जहाज चालत असेपर्यंतच. बंदर मिळेपर्यंत जागेवर थांबा असा आदेश आला, की पाणी बनणे बंद होते आणि टाकीतला काटा खाली उतरू लागतो. आपण मरीन इंजिनिअरिंगही शिकता, त्यामुळे हे आपल्याला समजेल; मंत्र्यांना ते समजावण्याची वेळ अनेक कॅप्टनांवर आली आहे. आम्हाला सिसिलीतले बंदर दुसऱ्याच दिवशी मिळाले. तेव्हा इटलीच्या नौदलाची ‘मारे नोस्त्रुम’ मोहीम चालू होती, हे आमचे नशीब.

सगळ्यांचे तसे नसते. ऑगस्ट २००१ मध्ये नॉर्वेच्या ‘टाम्पा’ या मालवाहू जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राच्या हाकेला ओ देऊन हिंदी महासागरात बुडू लागलेल्या होडीतून ४३८ माणसे घेतली. जहाजावर खलाशी २७. कॅप्टन आर्ने रिन्नान आधी इंडोनेशियाकडे निघाले होते, पण वाचवलेल्या लोकांनी दबाव आणल्यावर ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाकडे वळले. ऑस्ट्रेलियाने आपल्या हद्दीत येण्यास मनाई केली, आणि जहाज तरी आत आल्यावर त्यावर कमांडो उतरवले. शेवटी ती माणसे नौरू आणि न्यूझीलंडकडे पाठवली गेली. या प्रकरणाची लाज वाटून म्हणा किंवा भीतीने म्हणा, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्ये सोलास आणि हॅम्बुर्ग करारांत दुरुस्त्या केल्या. कॅप्टनला मार्गापासून कमीत कमी फारकत घेऊन मोकळे करावे, वाचवलेल्यांना ‘सुरक्षित जागी’ पोहोचवण्यासाठी देशांनी एकमेकांशी सहकार्य करावे, आणि ज्याच्या क्षेत्रात बचाव झाला त्याने त्यात पुढाकार घ्यावा, असे त्यांत आहे. मात्र त्या देशाने स्वतःच उतरवून घेतले पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. माल्टाने तर या दुरुस्त्या स्वीकारल्याच नाहीत, आणि माल्टाचे बचावक्षेत्र त्या बेटाच्या मानाने अवाढव्य आहे.

सहकार्य करावे, एवढ्या क्रियापदावर सोडलेल्या व्यवस्थेचे काय होते ते ‘मार्स्क एटिएन’ या डेन्मार्कच्या टँकरने अनुभवले. ४ ऑगस्ट २०२० रोजी माल्टाच्याच विनंतीवरून त्याने २७ जणांना घेतले आणि पुढचे ३८ दिवस त्याला कुणीही बंदरात येऊ दिले नाही. हताश होऊन तिघांनी समुद्रात उड्या मारल्या. खलाशांनी त्यांना पुन्हा काढले. शेवटी एका स्वयंसेवी संस्थेच्या बोटीने त्या सर्वांना इटलीत नेले, आणि मग त्या व्यवहारात पैसे दिले गेले म्हणून त्या संस्थेच्या लोकांचीच चौकशी सुरू झाली. याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘आस्सो २८’ या इटालियन पुरवठा जहाजाचे. जुलै २०१८ मध्ये त्याने १०१ जणांना समुद्रातून घेऊन त्रिपोलीला परत सोडले. नेपल्सच्या न्यायालयाने २०२१ मध्ये कॅप्टनला एक वर्षाची शिक्षा सुनावली, आणि इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती कायम केली. लिबियाच्या बंदिशाळांत काय चालते हे तोवर लपून राहिलेले नव्हते. जुलै २०१९ मध्ये त्रिपोलीजवळच्या ताजुरा येथील कोठडीवर हवाई हल्ला होऊन ५० हून अधिक माणसे मेली होती. ती जागा ‘सुरक्षित’ नव्हती, हे न्यायालयाचे म्हणणे मला मान्य आहे. पण कॅप्टनच्या बाजूने पाहा: युरोपकडे नेले तर तिष्ठत राहायचे, परत नेले तर तुरुंग.

हा कागदी खेळ आपल्या समुद्रातही झाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये इंजिन बंद पडून अंदमान समुद्रात भरकटलेली रोहिंग्यांची होडी भारतीय तटरक्षक दलाला सापडली. ८१ जिवंत, ८ मृत. आपल्या दलाने अन्न, पाणी, औषधे दिली, ते चोख केले. पण भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही, त्यांना बांगलादेशाने परत घ्यावे अशी आपली अपेक्षा होती, आणि बांगलादेश म्हणाला की आम्ही बांधील नाही. ती माणसे जूनमध्ये इंडोनेशियातील आचे प्रांताच्या किनाऱ्याला लागली. युरोपला नावे ठेवताना हे विसरू नये.

आता तस्करांचा मुद्दा. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणारे माझ्या मते अर्धेच पाहतात. बचाव-जहाजे लिबियाच्या किनाऱ्याजवळ आली तसे तस्करांनी लाकडी होड्यांऐवजी स्वस्तातल्या रबरी होड्या वापरायला सुरुवात केली, इंधन कमी भरले आणि एखाद्याच्या हाती सॅटेलाइट फोन दिला. युरोपीय नौदलांनी पकडलेल्या लाकडी होड्या जाळल्या, त्याचाही यात हातभार होता. याविषयी जे अभ्यास झाले आहेत त्यांतला एक म्हणतो की बचावामुळे धोकादायक होड्यांची संख्या वाढली. २०२३ मधला दुसरा म्हणतो की निघणाऱ्यांची संख्या युद्ध, महागाई, हवामान आणि ऋतू यांवरून ठरते, बचाव-जहाजांवरून नाही. दोघांत फारसा विरोध आहे असे मला वाटत नाही. माणूस घर का सोडतो आणि तस्कर त्याला कसल्या होडीत बसवतो, हे दोन निराळे हिशेब आहेत.

शिवाय बचाव काढून घेतल्यास काय होते याचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदूझा या इटालियन बेटाजवळ ३६० हून अधिक माणसे बुडाल्यावर इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ सुरू केली, वर्षभरात सुमारे दीड लाख माणसे काढली, महिन्याला सुमारे ९० लाख युरो खर्च केले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मोहीम बंद केली. तिच्या जागी आलेल्या युरोपीय मोहिमेचा खर्च तिच्या एक-तृतीयांश, आणि काम मुख्यतः सीमेवरील पहाऱ्याचे. माणसे यायची थांबली नाहीत. फक्त नौदलाचे काम आमच्यासारख्या व्यापारी जहाजांवर आले, ज्यांना हे काम शिकवलेले नाही. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री ‘किंग जेकब’ हे कंटेनर जहाज मदतीला पोहोचत असताना गच्च भरलेली मासेमारी बोट त्याच्यावर आदळली आणि उलटली. ७०० हून अधिक माणसे गेली, वाचली २८. त्या जहाजाने नियम तंतोतंत पाळला होता. पुढे २०१७ पासून लिबियाशी करार करून इटलीने येणाऱ्यांची संख्या खरोखरच घटवली: २०१६ मध्ये १ लाख ८१ हजार, २०१८ मध्ये २३ हजार. सुरक्षावाद्यांचा हा आकडा खोटा नाही. त्यासोबतचा दुसरा आकडा असा, की लिबियातून युरोपला पोहोचलेल्या दर ३८ माणसांमागे २०१७ मध्ये एक मृत्यू होत होता, २०१८ मध्ये दर १४ माणसांमागे एक.

सुरक्षेबद्दल आपण मुंबईचे नाव घेतलेत, म्हणून मुंबईपासूनच सुरुवात करतो. त्या दहा जणांनी ‘कुबेर’ हा आपला ट्रॉलर बळकावला, त्यावरच्या खलाशांचा आणि तांडेलाचा जीव घेतला, आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. तिथल्या कोळी बांधवांनी त्यांना हटकलेही होते. यातून शिकायचा धडा किनाऱ्यावरचा आहे: बोटींची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, सागरी पोलीस ठाणी, आणि हटकणाऱ्याचे ऐकून घेणारे कुणीतरी. घातपात करायला निघालेला माणूस मदतीची हाक देत नाही. त्याला कुणाच्या नजरेस पडायचेच नसते. ज्याला समुद्रातून काढून, नोंद करून, बोटांचे ठसे घेण्यासाठी बंदरात उतरवले जाते, तो राज्यसंस्थेच्या हाती आयताच लागलेला असतो. म्हणून तपासणी जरूर करा, कडक करा, पण ती जमिनीवर करा. २१ खलाशांच्या जहाजावर ती होऊ शकत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

जहाजाच्या स्वतःच्या सुरक्षेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याबद्दल दयाळू मंडळी बोलायचे टाळतात. मार्च २०१९ मध्ये ‘एल हिब्लू’ या लहान टँकरने शंभराहून अधिक माणसे घेतली; आपल्याला लिबियात परत नेत आहेत हे कळल्यावर डेकवर गोंधळ उठला, जहाज माल्टाकडे वळले, आणि तिथे तीन किशोरवयीन मुलांवर दहशतवादाच्या कलमांखाली खटला भरण्यात आला. आरोपांचे स्वरूप मला अतिरेकी वाटते. पण अनोळखी शंभर माणसे आणि आपले मोजके खलाशी हे प्रमाण कॅप्टनने कधी विसरू नये. त्यावरचा माझा उपाय साधा होता. खोटे आश्वासन एकही द्यायचे नाही, आणि जहाज कुठे चालले आहे ते कळले की लगेच सांगायचे.

सुरक्षेच्या चष्म्यातून पाहिल्यावर बचावयंत्रणा कशी आंधळी होते, हे इटलीत क्रोतोनेजवळच्या कुत्रो येथे दिसले. २५ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री युरोपीय सीमा संस्थेच्या विमानाने तुर्कस्तानातल्या इझमीरहून आलेली बोट इटलीपासून सुमारे ४० मैलांवर पाहिली. ती ‘बेकायदा प्रवेश’ या सदरात गेली. समुद्रावर गस्तही घालणाऱ्या इटलीच्या वित्त पोलिसांच्या बोटी निघाल्या आणि खवळलेल्या समुद्रामुळे परतल्या. वादळातही जाऊ शकणाऱ्या तटरक्षक दलाच्या मोठ्या बोटी निघाल्याच नाहीत. पहाटे बोट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर वाळूच्या उंचवट्यावर फुटली. किमान ९४ मृत्यू, त्यांत कितीतरी मुले. त्याच वर्षी १४ जून रोजी ग्रीसच्या पायलोसजवळ सुमारे ७५० जणांना घेऊन निघालेला ट्रॉलर बुडाला आणि १०४ वाचले. आदल्या दिवशी दोन व्यापारी जहाजांनी त्यांना पाणी दिले होते. त्यांना मदत नको होती, इटलीला जायचे होते, असे ग्रीक अधिकारी म्हणाले. वाचलेल्यांचे म्हणणे वेगळे आहे आणि प्रकरण न्यायालयात गेले आहे. त्या वादात न शिरता एवढेच सांगतो: लाइफ जॅकेट नसलेली ७५० माणसे घेऊन मासेमारीची बोट खोल समुद्रात दिसली, की ती संकटातच आहे, सुकाणूवरचा माणूस काहीही म्हणो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांतही हेच आहे. संकट आहे की नाही हे केवळ मदत मागितली की नाही यावरून ठरवायचे नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, आपण काय करायचे. ऑफिसर म्हणून होडी दिसल्याबरोबर कॅप्टनला उठवा, कुणाची झोप मोडेल याचा विचार करू नका. दिसल्याची वेळ आणि जागा लिहा. बचाव केंद्राला, मग कंपनीला आणि विमा क्लबला (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थेला) कळवा, याच क्रमाने. मार्ग बदलल्याचा खर्च विम्यात धरलेला असतो आणि जीव वाचवण्यासाठी मार्ग सोडणे हा वाहतूक करारांत भंग समजला जात नाही, त्यामुळे चार्टररची, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याची, भीती बाळगण्याचे कारण नाही. काहीजण असे प्रसंग टाळण्यासाठी नेहमीच्या मार्गापासून मुद्दाम वीस-तीस मैल दूर जातात, हे मी पाहिले आहे. बंदरे बंद करणाऱ्या धोरणाचा हा सर्वांत वाईट परिणाम, कारण तो कुठल्याही आकडेवारीत येत नाही. व्हीडीआरचा, म्हणजे जहाजाच्या ‘ब्लॅक बॉक्स’चा, डेटा त्या रात्रीच जपून ठेवा. वर्षभराने कोर्टात तोच आपली बाजू बोलतो. आणि लॉगबुकात लिहिताना ‘स्थलांतरित’, ‘घुसखोर’, ‘निर्वासित’ यांपैकी काहीही लिहू नका, ते ठरवणे आपले काम नव्हे. आम्ही त्या पहाटे लिहिले होते ते असे: ०५४० वाजता शेवटचा माणूस वर आला; एकूण ९४; होडी रिकामी असल्याची खात्री केली; गोडे पाणी ११८ टन.